रावस, सॅमन आणि महसीर

चेंबूरच्या मासळीबाजारात जो रावस म्हणून तोलला जातो, तोच हॉटेलच्या पत्रिकेत शिरला की 'इंडियन सॅमन' होतो. वास्तविक रावसाचे आणि सॅमनचे काहीच नाते नाही. साहेबाला इथल्या माशात आपला मासा दिसला आणि नाव चिकटले, एवढेच. आता खरा सॅमनही उपनगरांतल्या दुकानांत बर्फावर दिसू लागला आहे. तो बहुधा नॉर्वेसारख्या देशातून येतो आणि नदीतला नसतो. समुद्रात सोडलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात तो वाढवलेला असतो. नावांची अदलाबदल निरुपद्रवी आहे. पण एका माशाच्या जागी दुसरा चालवून घेण्याची ही सवय नदीपर्यंत पोचली म्हणजे काय होते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पिंजरा उघडा असतो. पाणी आत-बाहेर वाहते, त्याबरोबर विष्ठा, औषधे आणि रोगही वाहतात. एका पिंजऱ्यात लाखावर मासे दाटीने राहत असल्याने समुद्री उवांना तेथे आयते कुरण मिळते, आणि नदीतून प्रथमच समुद्राकडे निघालेली रानटी सॅमनची कोवळी पिल्ले त्यांना बळी पडतात. जाळी फाटली की आतले मासे पळतात आणि नदीत शिरून रानटी माशांशी संकर करतात. माणसाने भराभर वाढण्यासाठी निवडलेला वाण अशा रीतीने हजारो वर्षे एकाच नदीशी जुळवून घेतलेल्या वंशात मिसळतो. नॉर्वेतल्या तपासलेल्या नद्यांपैकी बहुसंख्य नद्यांत ही भेसळ आढळली आहे. अटलांटिक सॅमनची संख्या २००६ ते २०२० या काळात तेवीस टक्क्यांनी घटल्याचे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०२३ साली नोंदवले. तापणारे पाणी, धरणे आणि प्रदूषण हीही त्याची कारणे आहेतच. ब्रिटिश कोलंबियातले उघडे पिंजरे २०२९ पर्यंत बंद करण्याचे कॅनडाने २०२४ मध्ये जाहीर केले.

हे सारे दूरच्या थंड समुद्रातले, आपला काय संबंध, असे वाचकांस वाटेल. संबंध लोणावळ्याइतका जवळ आहे.

ज्या धरणांच्या पाण्यावर खोपोलीत १९१५ पासून मुंबईसाठी वीज निर्माण होत आली, त्यांतल्या वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकात महसिराचे मत्स्यबीज केंद्र उभारले. महसीर हा आपल्या नद्यांचा राजा. त्याची निळसर परांची जात कर्नल साइक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्राला प्रथम सांगितली. तो संपत चालला होता. तेव्हा कृत्रिम प्रजनन करून बोटुकली तयार करावी आणि नद्यांत सोडावी, हा हेतू निर्मळ होता, आणि ते काम जिद्दीने केले गेले. हे बीज अनेक राज्यांना गेले, कर्नाटकालाही गेले.

कावेरीत मात्र तिचा स्वतःचा महसीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, अवाढव्य. १९४६ साली कबिनी नदीत गळाला लागलेला त्यातला एक एकशेवीस पौंडांचा होता. त्याच पाण्यात दख्खनचा निळसर परांचा महसीर सोडला गेला आणि तो फोफावला. गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा एक वाढत गेलेला आणि दुसरा विरळ होत गेलेला दिसला. वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी आणि धरणे यांचाही त्यात वाटा आहे. पण सोडलेल्या माशाला निर्दोष म्हणता येत नाही. याहून विदारक गोष्ट अशी की या राजस माशाला नक्की शास्त्रीय नाव २०१८ साली मिळाले, आणि त्याच वर्षी त्याची गणना 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. महसीर वाढले, असे आपण म्हणत होतो तेव्हा 'कोणते महसीर', हे विचारायचे राहून गेले.

आमचा आक्षेप मत्स्यशेतीवर नाही. धरणाने ज्यांची जमीन घेतली त्यांना त्याच पाण्यात पोट भरता येत असेल, तर त्यांना नाही म्हणण्याचा अधिकार शहरात बसून मासे खाणाऱ्या आम्हांस नाही. पण राज्यातल्या जलाशयांत आज जे पिंजरे तरंगतात, त्यांत मेकाँगचा पंगास आणि आफ्रिकेचा तिलापिया वाढतो. जाळी इथेही फाटते. तिलापियाचा आपल्याकडचा अवतार म्हणजे चिलापी; ती उजनीत कशी माजली, हे भीमाकाठच्या कोणत्याही मच्छीमाराला विचारावे. म्हणून आमचे मागणे साधे आहे. परका मासा वाढवायचा तर बंदिस्त तळ्यात वाढवावा. नदीत बीज सोडायचेच झाले तर ते त्याच नदीतल्या माशांचे असावे, आणि कोणती जात, कोठून आणली, किती सोडली, याची नोंद लोकांपुढे ठेवावी. आज टनावर शाबासकी मिळते. वाणाचा हिशेब मागणारा कोणी नसतो.

आणि दुसरा मार्ग आपल्याला ठाऊक नव्हता असेही नाही. महाडजवळ वाळणकोंडीत आणि वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेत देवाचे मासे आहेत. तेही महसीरच. त्या डोहांत कोणी बोटुकली सोडून त्यांना राखले नाही. तेथे फक्त गळ टाकायचा नाही, एवढा नेम पिढ्यानपिढ्या पाळला गेला. देवावर विश्वास असो वा नसो, त्या नेमाला एक गोष्ट कळली होती: नदीला मासा द्यावा लागत नाही, तिचा तिच्याकडे राहू द्यावा लागतो.