कूलरची मोटर जळली: भरून घ्यायची की नवी टाकायची?

नागपूरचा पारा 45 अंशांकडे सरकला की सक्करदऱ्यात कूलर रात्रंदिवस चालतात आणि मोटरी जळायला लागतात. मिस्त्री विचारतो, "भरून देऊ की नवी टाकता?" या प्रश्नामागे तांब्याचा जागतिक भाव आहे आणि दिल्लीत रखडलेलं एक धोरणही.

मोटर 'भरणं' म्हणजे वाइंडिंग नव्याने करणं. मोटरच्या स्थिर भागातल्या खाचांमध्ये इनॅमल चढवलेल्या तारेचे वेढे असतात. उष्णतेने इनॅमल गेलं की तारा एकमेकींना टेकतात, शॉर्ट होतं, जळका वास येतो. कारागीर जुनी तार काढून वेढे मोजतो, जाडी तपासतो, तेवढेच नवे वेढे बसवतो आणि वार्निश देऊन सुकवतो. तार बारीक घातली तरी मोटर फिरते, पण जास्त तापते. इंजिनिअरांचा ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं.

मेख तारेतच आहे. मे 2024 मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला 11,000 डॉलरच्या वर गेलं होतं. स्वस्त मोटरींत मग ॲल्युमिनियम येतं. ते टाकाऊ नाही, पण त्याची वाहकता तांब्याच्या साधारण 61 टक्के; तेवढाच करंट न्यायचा तर तार जाड हवी. वरच्या इनॅमलचा रंग तांब्यासारखाच असू शकतो, त्यामुळे नुसतं बघून फसाल. टोक खरवडलं की आतून तांबूस की चंदेरी ते कळतं. अशा स्वस्त नव्या मोटरीपुढे तांबं आणि मजुरी धरून केलेलं भरणं महाग वाटतं, आणि गिऱ्हाईक नवी घेतं.

सरकारने जुलै 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही तिची चार क्षेत्रं. पण मे 2025 मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल आला, त्यात सुरुवात स्मार्टफोन-टॅबलेटपासून सुचवली आहे. कूलरच्या मोटरीला रांगेत थांबावं लागेल. आमच्या मते मोटरीवर तार कोणती हे ठळक छापायला तरी एवढा वेळ लागू नये.

तोवर मिस्त्रीला दोन गोष्टी विचारा: तार कोणती, आणि मोटर जळली कशाने? बुश अडकला असेल किंवा कपॅसिटर कमजोर असेल, तर तो बदलल्याशिवाय नवं वाइंडिंगही जळेल.