आदिलाबादची नर्सिंग होम्स : तुलना करायची कशाच्या आधारे?

बेला, जैनद किंवा भीमपूर मंडळातील गरोदर स्त्रीला कळा सुरू झाल्या की घरच्यांपुढे दोन वाटा असतात. एक ‘रिम्स’ची, म्हणजे २००८ साली आदिलाबादेत सुरू झालेल्या राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेची, दुसरी शहरातील एखाद्या खासगी नर्सिंग होमची. ज्यांची थोडीफार ऐपत आहे ते दुसरी वाट धरतात, आणि ज्यांची नाही त्यांपैकीही अनेक जण कर्ज काढून तीच धरतात. परंतु या नर्सिंग होमपेक्षा ते बरे, हे ठरवण्याचे कोणते साधन त्यांच्या हाती असते? इमारतीचा थाट, डॉक्टरांच्या नावापुढील पदव्या, शेजारणीचा अनुभव आणि गावातील ‘आरएमपी’चा सल्ला, एवढेच. हा आरएमपी बहुधा कोणतीही मान्यताप्राप्त पदवी नसलेला गावडॉक्टर असतो, आणि रुग्ण पाठवल्याबद्दल त्याला मोबदला मिळण्याची प्रथा तेलंगणात गुपित राहिलेली नाही. अशा वेळी निवड रुग्णाची म्हणवली जाते. ती केलेली असते दुसऱ्यानेच.

भिंतीवर टांगलेले नोंदणी प्रमाणपत्र पाहून अनेकांना दिलासा वाटतो. तो कितपत रास्त आहे, हे तपासण्याजोगे आहे. तेलंगणाने स्वीकारलेल्या २०१० च्या केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायद्यानुसार तात्पुरती नोंदणी अर्ज आल्यापासून दहा दिवसांत, कोणतीही चौकशी न करता द्यावयाची असते. तिची मुदत एक वर्षाची. निकष पूर्ण केल्याचा पुरावा मागणारी कायम नोंदणी ही पुढची पायरी असून ती पाच वर्षांसाठी असते. म्हणजे भिंतीवरचे प्रमाणपत्र तात्पुरते असेल, तर त्यावरून एवढेच कळते की अर्ज केला गेला होता. प्रसूतिकक्षात नवजात बाळाला श्वास देण्याचे उपकरण आहे काय, रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतो, रक्ताची सोय कोठून होते, यांबद्दल ते काहीच बोलत नाही.

दर्जाचा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हे दाखवणारे आकडे उपलब्ध आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तेलंगणातील ६०.७ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे आढळले. देशाची सरासरी होती २१.५ टक्के. राज्यातील सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण ४४.५ टक्के, तर खासगीत ८१.५ टक्के. याचा अर्थ खासगी दारात पाऊल टाकणाऱ्या पाच स्त्रियांपैकी चौघींच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. मुहूर्त पाहून बाळ जन्माला घालण्याचा आग्रह, कळांची भीती, मागच्या सिझेरियनमुळे पुढचेही सिझेरियन, ही कारणे सांगितली जातात व ती खोटी नाहीत. पण मुहूर्ताचा आग्रह सरकारी रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबांनाही असतो. दोन्हीकडील तफावत त्याने पुरती उलगडत नाही.

तरीही निव्वळ टक्केवारीवरून एखाद्या नर्सिंग होमला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. ज्याच्याकडे गुंतागुंतीच्याच केसेस येतात, त्याचे सिझेरियनचे प्रमाण अधिक असणारच. या अडचणीवर उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये रॉब्सन वर्गीकरण स्वीकारण्याची शिफारस केली, ती नेमकी रुग्णालयांची आपापसांत तुलना करता यावी म्हणून. त्यात प्रत्येक प्रसूती दहा गटांपैकी एका गटात बसवली जाते. बाळंतपण पहिले की नंतरचे, आधी सिझेरियन झाले आहे काय, गर्भ एक की जुळे, बाळ डोक्याकडून की पायाळू वा आडवे, दिवस भरले होते काय, कळा आपोआप आल्या की आणल्या, एवढ्याच गोष्टी नोंदवाव्या लागतात. त्या प्रत्येक बाळंतिणीच्या केसपेपरवर मुळात असतातच. दिवस भरलेली, एक बाळ, डोके खाली, कळा आपोआप सुरू झालेली पहिलटकरीण हा एकच गट घेऊन आदिलाबादच्या सर्व नर्सिंग होम्सचे प्रमाण शेजारी शेजारी मांडले, तर बरेच काही उघड होईल. या गटात एकाकडे वीस आणि दुसऱ्याकडे ऐंशी टक्के सिझेरियन होत असतील, तर फरक रुग्णांत नाही, उपचार करणाऱ्यांत आहे.

मृत्यूच्या आकड्यांबाबत याहून अधिक सावध राहावे लागेल. एखाद्या नर्सिंग होमच्या वहीत वर्षभरात एकही मातामृत्यू नसेल, तर त्याचा अर्थ तेथे उत्तम उपचार होतात असाच होतो असे नाही. प्रकृती हाताबाहेर गेलेली स्त्री शेवटच्या तासाला ‘रिम्स’ला पाठवली गेली, तर मृत्यूची नोंद ‘रिम्स’च्या नावावर पडते आणि पाठवणाऱ्याची पाटी कोरी राहते. वरकरणी सरकारी रुग्णालय वाईट दिसते ते काही अंशी यामुळेच. म्हणून रुग्ण कोणी, किती वाजता आणि कोणत्या अवस्थेत पुढे पाठवला, हा आकडा मृत्यूंइतकाच मोलाचा आहे. इंद्रवेल्ली वा नारनूरहून आलेल्या कुटुंबासाठी तर तो अधिकच, कारण आदिलाबादेत पोहोचेपर्यंतच त्यांचा बराच वेळ गेलेला असतो. तेथून पुढे नागपूर वा हैदराबाद गाठायला काही तास लागतात.

गंमत अशी की दर्जाची कसोटी आज लागते ती ज्याच्या नावाने बोटे मोडली जातात त्या सरकारी यंत्रणेला. सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत आणि प्रसूतिकक्षांसाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ कार्यक्रम आहे. त्यांत मूल्यमापन होऊन गुण दिले जातात. खासगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय महासंघाची ‘मान्यता’ ही सोळा मानकांची योजना आहे, ‘एनएबीएच’चे मानांकनही आहे, पण दोन्हींत उतरणे ऐच्छिक.

आकडे जाहीर झाले म्हणजे सारे साधेल असेही नाही. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे वृद्धांचे शुश्रूषागृह. तेथील सरकारने २००८ पासून त्यांना पाच ताऱ्यांपर्यंतचे मानांकन देणे सुरू केले. सुरुवातीस कर्मचाऱ्यांची संख्या संस्थाच कळवीत. पुढे पगाराच्या नोंदींवरून ती मोजली जाऊ लागली, तेव्हा अनेकांचे तारे घटले. आदिलाबादेतही प्रशिक्षित परिचारिका किती हे नर्सिंग होमच्याच शब्दावर सोडले, तर कागदावर त्या भरपूर असतील आणि रात्रपाळीला वॉर्डात एखादी नवशिकी मुलगी दिसेल.

मराठी भाषकांच्या दृष्टीने आणखी एक मोजमाप आहे, जे कोणत्याच तक्त्यात येत नाही. २०१२ च्या केंद्रीय नियमांनुसार सेवांचे दर स्थानिक भाषेत व इंग्रजीत, सहज दिसेल अशा जागी लावणे बंधनकारक आहे. पैनगंगेकाठच्या गावांची स्थानिक भाषा मराठी, उटनूरच्या पट्ट्यात गोंडी. दरफलक मात्र लागलाच तर तेलुगूत किंवा इंग्रजीत. दराचे एक वेळ चालेल. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर अंगठा उठवणाऱ्या सासूला किंवा सही करणाऱ्या नवऱ्याला त्यातले एक अक्षरही कळत नसेल, तर ती संमती कसली? नदीपलीकडच्या महाराष्ट्रात २०२१ च्या दुरुस्त नियमांनी नर्सिंग होम्सना रुग्णहक्कांची सनद व प्रमुख सेवांचे दर लावण्याची सक्ती केली. अंमलबजावणी तेथेही एकसारखी नाही, पण बोट ठेवायला नियम तरी आहे.

माहिती गोळा करण्यास नवे खाते उभारावे लागणार नाही. ‘आरोग्यश्री’ची मर्यादा ९ डिसेंबर २०२३ पासून दहा लाख रुपये झाली. योजनेत सहभागी असलेल्या खासगी रुग्णालयाने कोणता उपचार किती जणांवर केला, याची दाव्यांगणिक नोंद हैदराबादेत साठते. ती रुग्णांची ओळख वगळून जिल्हावार प्रसिद्ध करण्यास पैसा लागत नाही, इच्छा लागते. जिल्हा नोंदणी प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कायम नोंदणीपूर्वी नर्सिंग होमने सादर केलेले पुरावे तीस दिवस लोकांच्या माहितीसाठी व हरकतींसाठी जाहीर ठेवावे लागतात, अशी तरतूद कायद्यात आहे. ते पुरावे कोठे लावले आहेत, हा प्रश्न आदिलाबादच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कोणीही नागरिक विचारू शकतो; पहिली हरकत नोंदवण्यासही तेवढेच पुरेसे आहे.