ताबा सुटतो म्हणजे नेमकं काय होतं?

पेपर उघडला की आतल्या पानावर एक वाक्य हमखास असतं. 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने अपघात झाला.' गेली कित्येक वर्षं मी हे वाक्य वाचतोय आणि दर वेळी माझ्यातला मास्तर जागा होतो. 34 वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे वाक्य दिसलं की कर्ता शोधायची खोड काही जात नाही. या वाक्यात कर्ता कोण? तर 'ताबा'. त्याने काय केलं? तो 'सुटला'. दावं तुटून म्हैस सुटावी तसा! आणि गाडी चालवणारा माणूस? तो बिचारा षष्ठी विभक्तीत अंग चोरून बसलाय. त्याने काही केलेलंच नाही.

दुसरं वाक्य, 'भरधाव ट्रकने धडक दिली.' इथे कर्ता ट्रक. जणू ट्रकलाच त्या दिवशी घाई होती. आणि रस्त्याच्या कडेला सरकारी पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. नेई खरं, पण कोणाला? कर्म गाळलंय. वाचणाऱ्याला वाटतं, घाई करणाराच संकटात जातो. आमच्या गावाचा अनुभव उलटा आहे. घाई एकाची असते, संकटात दुसराच जातो. घाईवाला बहुतेक वेळा पुढच्या फाट्यावर चहा पीत असतो.

तुम्ही म्हणाल, मास्तरांना दुसरं काम नाही, व्याकरण काढून बसलेत. पण ज्या वाक्यात करणारा नसतो त्या वाक्यात जबाबदारही कोणी नसतो. मग पुढचं वाक्य आपोआप येतं, 'त्याची वेळच आली होती.' ते आलं की विषय संपला. तेराव्याचं जेवण झालं की लोक कामाला लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की गावातल्या रस्त्यावरची ही मरणं नशिबाने येत नाहीत. कोणीतरी तो वेग निवडलेला असतो आणि कोणीतरी तो निवडू दिलेला असतो.

आता थोडे आकडे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो की 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. एकट्या महाराष्ट्रात 15,224. देशातल्या या मृत्यूंपैकी 71 टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खात्यावर आहेत आणि साधारण 68 टक्के ग्रामीण भागात झालेत. म्हणजे शहरात गाड्यांची गर्दी जास्त, पण मरायला मात्र खेडी! कारण सरळ आहे. शहरात गर्दीमुळे गाडी पळतच नाही. आमच्याकडे पळते.

आमचं गाव कृष्णाकाठचं. सहा वर्षांपूर्वी गावातून जाणारा रस्ता रुंद झाला, काँक्रीटचा झाला. त्याआधी खड्डे होते, कमरेचे टाके ढिले व्हायचे, रोज शिव्या घालायचो. रस्ता झाला तेव्हा गावाने पेढे वाटले आणि ते योग्यच होतं. उसाला, दुधाला, बाळंतिणीला, सगळ्यांनाच रस्ता लागतो. पण खड्डे गेले तसा गाड्यांना आवर घालणारा तो एकमेव गतिरोधकही गेला आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. शाळा रस्त्याच्या या बाजूला, अर्धी वस्ती त्या बाजूला. एस्टीचा थांबा, डेअरी, दवाखाना, सगळं रस्त्यालगत. साईडपट्टीवर ट्रॅक्टर उभे. चालायला जागा म्हणजे रस्ताच.

या सहा वर्षांत मी नावानिशी ओळखत होतो अशी चार माणसं या रस्त्यावर गेली. त्यातली एक माझी विद्यार्थिनी. सातवीत असताना तिचं अक्षर इतकं सुरेख होतं की फळ्यावरचा सुविचार मी तिच्याकडूनच लिहून घ्यायचो. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. पेपरात आलं, 'भारा डोक्यावर असल्याने वाहन दिसले नाही.' बघा हं, दोष कुणाकडे गेला ते! एवढा मोठा हिरवा भारा दिवसाउजेडी गाडीवाल्याला का दिसला नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

दिसला असेलही. पण दिसून उपयोग नव्हता. हे गणित आठवीच्या मुलालाही जमेल. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 11 मीटर पुढे जाते. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे 11 मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक चांगले असतील तर आणखी 9 मीटरवर गाडी थांबते. एकूण 20 मीटर. आता तीच गाडी 80 ने येऊ द्या. त्या पहिल्या सेकंदातच ती 22 मीटर जाते. जिथे पहिली गाडी पूर्ण थांबलेली असते, तिथून दुसरी गाडी ब्रेकला पायही न लागता पुढे गेलेली असते! थांबेपर्यंत ती जवळजवळ 58 मीटर जाणार. वेग दुप्पट झाला तर अंतर दुप्पट नाही, जवळजवळ तिप्पट झालं. भरलेला ट्रक किंवा उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर असेल, त्यात पाऊस असेल, तर विचारूच नका.

याला 'ताबा सुटला' म्हणतात? 80 च्या वेगाने वस्तीत शिरलेल्या माणसाकडे ताबा नव्हताच. जे हातात नव्हतं ते सुटणार कसं?

बरं, कायदा काय म्हणतो? एप्रिल 2018 च्या केंद्राच्या अधिसूचनेत कमाल वेगासाठी रस्त्यांचे चार प्रकार केलेत. द्रुतगती मार्ग, दुभाजक असलेले चौपदरी रस्ते, नगरपालिका हद्दीतले रस्ते आणि 'इतर रस्ते'. मोटारीला इतर रस्त्यांवर कमाल 70. यात गाव कुठे आहे? गाव 'इतर'मध्ये आहे! माळावरून जाणारा मोकळा रस्ता आणि मराठी शाळेच्या फाटकासमोरून जाणारा रस्ता या हिशेबात एकच. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 112 व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला जागा पाहून यापेक्षा कमी वेग ठरवता येतो. म्हणजे करायचं म्हटलं तर वाट मोकळी आहे.

ती वाट धरून आम्ही चार म्हातारे एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. साहेब सभ्य होते, चहाही पाजला. म्हणाले, "गुरुजी, तुमचा स्पॉट ब्लॅकस्पॉटमध्ये बसत नाही." मग त्यांनी व्याख्या समजावली. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्राने ती ठरवलेली आहे. साधारण 500 मीटरच्या टप्प्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू. आमचे सहा वर्षांत चारच. त्यामुळे आमचा नंबर लागेना. मी विचारलं, उरलेले कुणी भरायचे, ते ग्रामसभेत ठरवू का? त्यावर ते हसले. मी विनोद केला नव्हता. विहिरीला कठडा बांधायचा की नाही हे आत किती बुडाले यावरून ठरवायचं, हा कुठला न्याय?

खरा मुद्दा असा की रस्त्याचा सगळा विचार गाडीच्या आत बसून केला जातो. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचं अपघातात निधन झालं. त्यानंतर देशभर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा झाली. झाली ते चांगलंच, पट्टा लावायलाच हवा. पण त्याला दोन महिने होत नाहीत तोच, 31 ऑक्टोबरला, सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकी वारीला निघालेल्या दिंडीत मोटार घुसली आणि 7 वारकरी गेले. त्यांनी कुठला पट्टा लावायचा होता? पायी चालणाऱ्याला पट्टा नसतो, एअरबॅग नसते. समोरच्याचा वेग कमी असणं हेच त्याचं एकमेव संरक्षण. म्हणून माझं ठाम मत आहे की वस्तीतला वेग चालवणाऱ्याच्या सोयीने ठरता कामा नये. रस्ता ओलांडणाऱ्या सात वर्षांच्या पोराच्या आणि सत्तर वर्षांच्या म्हातारीच्या चालीने तो ठरला पाहिजे.

आता आमची घरची मंडळी. दिवाळीला, जत्रेला पुण्या-मुंबईहून भाचे-पुतणे येतात. (हे वाचत असतील, त्यांनी रागावू नये. रागावले तरी चालेल!) दारात गाडी लावतानाच म्हणतात, "तात्या, रस्ता काय मस्त झालाय! मधली गावं आली कधी गेली कधी कळलंच नाही." बाबांनो, नेमकं तेच तर दुखणं आहे. तुम्हाला ज्या गावाचं येणं-जाणं कळत नाही तिथे कुणीतरी चूल पेटवून बसलेलं असतं. आमच्या गावाची रस्त्यालगतची लांबी धरा एक किलोमीटर. 80 ने ती 45 सेकंदांत संपते, 40 ने दीड मिनिटात. वाचले किती? 45 सेकंद. वाटेत अशी दहा गावं धरली तरी साडेसात मिनिटं. घरी आल्यावर पहिला अर्धा तास तुम्ही मोबाइलचं चार्जर शोधण्यात घालवता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरे म्हणतात, गावातल्या लोकांना रस्त्यावर वागायची अक्कल नाही. कुठेही ओलांडतात, गुरं सोडतात. यात तथ्य नाही असं नाही. पण ओलांडायची जागा आखून दिलीय का? कडेने चालायला वाट ठेवलीय का? आणि गुरं रस्त्यावर आली असं म्हणण्याआधी हेही आठवावं की रस्ता नंतर आला, गोठे आधी होते.

मात्र सगळा दोष बाहेरच्या गाड्यांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. गावातली पंधरा-सोळा वर्षांची पोरं तिघं-तिघं बसून फटफटी बुंगाट सोडतात आणि बाप चावडीवर कौतुकाने सांगतो, "आमचा बाळ्या कुणाला मागं बघत नाही." 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात स्पष्ट आहे की अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालकही दोषी धरला जातो. 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद. किती बापांना हे ठाऊक आहे? गळीत हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडून मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, असे जे ट्रॅक्टर निघतात ते काही परक्या मुलखातून येत नाहीत. वडापवाले तर आपलेच, दारातले.

आणि आपले ते गतिरोधक! माणूस गेला की लोक चिडतात, रस्ता अडवतात आणि रातोरात मुरुमाचा नाहीतर काँक्रीटचा एक उंचवटा घालतात. ना रंग, ना पाटी. मग पुढच्या आठवड्यात अंधारात त्यावरून एखादा दुचाकीवाला उडतो. हा उपाय नाही, हा राग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप दिलेलं आहे. रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, म्हणजे ताशी 25 च्या आसपास गाडी अलगद जाते आणि कंबरही शाबूत राहते. अलीकडे पाटी, वर पांढरे पट्टे. मापात बांधला तर रुग्णवाहिकेलाही फार अडचण येत नाही. आणि अशा गतिरोधकामुळे रुग्णवाहिका बोलवायचीच वेळ कमी येते, हे लक्षात घ्या.

फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर जगभरच्या मंत्र्यांची परिषद झाली. जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे 30 ची मर्यादा असावी, असं तिथल्या जाहीरनाम्यात म्हटलंय. आमच्या शाळेसमोर माणसं आणि वाहनं एकत्रच वावरतात. तेव्हा आमचं मागणं काही जगावेगळं नाही. गावाच्या दोन्ही वेशींपासून आत 40. शाळा आणि थांब्यापाशी 30. तो वेग पाटीने सांगून भागणार नाही, रस्त्यानेच गाडीवाल्याला हळू व्हायला लावलं पाहिजे. मापातले गतिरोधक, ओलांडायला पट्टे, कडेने चालायला फूटभर उंचीची वाट आणि रात्री दिवे. काँक्रीटच्या रस्त्याच्या खर्चात हे कोपऱ्यात बसलं असतं. आता वेगळा निधी मागावा लागणार.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे. गावची कामं सोडून पुण्याला राहणाऱ्यांनीही त्या दिवशी यावं. येताना मात्र हळू या. आणि तुमच्या गावात कुणी असा ठराव केला असेल, तो पुढे कुठे अडला, कसा सुटला, ते मला जरूर कळवा. कागद कसा पुढे सरकतो याची आम्हाला फार गरज आहे.

तोवर एक छोटी गोष्ट सगळ्यांनाच करता येईल. पेपरातलं ते वाक्य मोठ्याने वाचा आणि घरातल्या पोराला विचारा, "सांग बरं, यात कर्ता कोण?" उत्तर मिळेपर्यंत पान उलटू नका.