कोरोनाचा रुग्ण, दवाखाना आणि ६० हजार युनिटची गोळी

२०२५ च्या मे-जूनमध्ये मुंबई-पुण्याकडे कोरोनाचे रुग्ण पुन्हा वाढले, तसा परंडा तालुक्यातल्या आमच्या सोनारीतही जुना सवाल निघाला: व्हिटॅमिन डीच्या गोळ्या घरात आणून ठेवायच्या का? २०२१ कुणी विसरलेलं नाही. त्या साली १४ एप्रिलला रमजान सुरू झाला, तेव्हा दुसरी लाट भरात होती. तरावीह घरातच, आणि कुणाचा दम लागला की बार्शी-सोलापूरला बेडसाठी फोनाफोनी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर झिंक, व्हिटॅमिन सी आणि डी ठरलेलंच.

ही कल्पना उगाच आली नव्हती. गंभीर रुग्णांच्या रक्तात डी कमी सापडत होतं. पण डी कमी म्हणून आजार वाढला, की आजार वाढला म्हणून डी कमी झालं, हे नुसत्या रिपोर्टवरून कळत नाही. शरीरात सूज असली की डी उतरतं. शिवाय बुजुर्ग, साखरेचे रुग्ण, वजनदार माणसं यांच्यात ते आधीच कमी असतं, आणि कोरोनाने जास्त झोडपलं तेही यांनाच.

२०२० मध्ये स्पेनच्या कोर्डोबा शहरातून मोठी आशा आली. दवाखान्यात दाखल ७६ रुग्णांपैकी ५० जणांना डीचाच एक प्रकार दिला. त्यांतला एकच आयसीयूत गेला. न दिलेल्या २६ पैकी १३ गेले. ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा असेच हे आकडे, पण रुग्ण फार थोडे. मग ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या २४० दाखल रुग्णांवर नीट प्रयोग झाला. निम्म्यांना एकदम २ लाख युनिट डी दिलं, निम्म्यांना दिसायला तसंच पण बिनऔषधाचं द्रावण. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल छापून आला: दोन्ही गटांचा दवाखान्यातला मुक्काम साधारण ७ दिवसांचाच, आणि मृत्यूतही ठोस फरक नाही. रक्तातलं डी मात्र वाढलं होतं! आपल्या चंदीगडच्या पीजीआयने ४० जणांवर केलेल्या प्रयोगात डी घेणारे जास्त जण निगेटिव्ह झाले, पण ते लक्षणं नसलेले किंवा सौम्य आजाराचे होते. दाखल रुग्णाचा जीव वाचतो, असं त्यावरून म्हणता येत नाही.

याउलट डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या प्रयोगात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने एक तृतीयांशाने कमी केले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही, म्हणून तेही घरी स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही.

मग डी बिनकामाचं का? मुळीच नाही. आपल्या घरांत त्याची कमतरता खरोखर आहे. दिवसभर घरात असणाऱ्या, परदा करणाऱ्या आपल्या अम्मी-खाला, दुपारभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या मुली... गुडघे-कंबर दुखते म्हणतात आणि बाम लावून झोपतात. हाडांसाठी डी लागतंच. अंगणात किंवा गच्चीवर, परक्या नजरेआड, हातापायांवर ऊन घेता येतं. कमतरता निघाली तर डॉक्टर ६० हजार युनिटची गोळी देतात, ती बहुतेक वेळा आठवड्याला एक. आमच्या माहितीत काही घरांत ती रोजची समजून खाल्ली गेली. डी चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. ते फार झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं; मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठता, आणि पुढे किडनीवर बेतू शकतं.

म्हणून रुग्ण दाखल करताना तो कोणत्या गोळ्या, किती दिवस घेतोय हे डॉक्टरांना आधी सांगा. रिकामी पाकिटं सोबत न्या. आणि ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवत असेल, तर 'गोळी सुरू आहे, उद्या बघू' म्हणू नका. सोनारीहून बार्शी गाठायलाही वेळ लागतो.