छतातील दिवे आणि भिंतीतील तार

घरात नवे दिवे बसवावयाचे ठरले की आपली पावले प्रथम दुकानाकडे वळतात. आम्ही बंगळूरकर चिकपेटेत जातो. दुकानदार छतात बसवावयाचे वाटोळे दिवे ओळीने लावून दाखवितो. प्रकाश पांढरा हवा की पिवळसर, कडा चौकोनी हवी की गोल, हे सारे आपण बारकाईने पाहतो. या दिव्यांना वीज पोचविणारी घरातील तार किती जुनी आहे, हा प्रश्न मात्र तेथे कोणी विचारीत नाही, आणि घरी परतल्यावर आपणही विचारीत नाही.

आमच्या चामराजपेटेत तर तो अवश्य विचारावयास हवा. चामराजेंद्र वडेयर यांचे नाव धारण करणारी ही वसाहत १८९२ साली आखली गेली, म्हणजे विजेच्याही आधी. शिवनसमुद्र येथील जलविद्युत् केंद्र १९०२ मध्ये सुरू झाले आणि तेथील वीज आरंभी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले ते ५ ऑगस्ट १९०५ रोजी, आजच्या कृष्णराज मार्केटच्या परिसरात, म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तेव्हा येथील जुन्या घरांत वीज मागाहून आली, आणि तीही टप्प्याटप्प्याने. एका पिढीने लाकडी पट्टीवरून तारा नेल्या, दुसरीने त्या भिंतीत पुरल्या. तांब्याची टंचाई होती त्या काळात अॅल्युमिनियमची तार सर्रास वापरली गेली. घराचा रंग बदलला, फरशी बदलली. तार तेवढी जुनीच राहिली.

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी मातोश्रींच्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यांना पोथी नीट दिसावी म्हणून मद्रास पद्धतीच्या आमच्या उंच छताखाली जिप्समचे दुसरे छत करून त्यात एल.ई.डी. दिवे बसवावयाचे ठरले. दिवाणखान्यात १२ वॅटचे सहा, स्वयंपाकघरात तेवढ्याच शक्तीचे चार, मातोश्रींच्या खोलीत ९ वॅटचे चार आणि ओटी व बोळ मिळून ६ वॅटचे सहा. एकूण वीस दिवे लागले आणि घर उजळून निघाले.

डिसेंबरात कुरबूर सुरू झाली. संध्याकाळी केव्हातरी दिव्यांची एम.सी.बी. पडे आणि अर्धे घर अंधारात जाई. आम्ही सर्वांनी एकमुखाने नव्या दिव्यांना दोष दिला. वायरमनला बोलाविले. त्याने पाच मिनिटांत ६ अँपिअरची एम.सी.बी. काढून तेथे १६ अँपिअरची बसविली आणि “आता पडणार नाही” असे सांगून तो गेला. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. एम.सी.बी. पुन्हा पडली नाही. फेब्रुवारीत एका रात्री मातोश्रींनी हाक मारली, “काही जळल्याचा वास येतो आहे का रे?” छतातील एक दिवा खाली ओढून पाहिला, तो वरच्या पोकळीत जुन्या अॅल्युमिनियमच्या तारेला नवी तांब्याची तार पिळून लावलेली, आणि त्या सांध्यावरची पट्टी काळी पडून वितळलेली. अडीच हातांवर शंभर वर्षांची लाकडी तुळई होती.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. हे काम खरे तर दिवे घेण्यापूर्वी करावयाचे. वीस दिवे मिळून १९२ वॅट. त्याच सर्किटवरचे तीन पंखे २२५, दोन ट्यूब ४०, दूरदर्शन संच सुमारे १००. एकूण ५५७ वॅट. २३० व्होल्टने भागले की जेमतेम २.४ अँपिअर. म्हणजे दिवे बिचारे निरपराध! अपराधी दुसरेच होते. थंडीमुळे मातोश्रींजवळ १००० वॅटचा हीटर लावलेला असे आणि संध्याकाळी त्याच सर्किटवरील दुसऱ्या सॉकेटवर १००० वॅटची इस्त्री चाले. बेरीज २५५७ वॅट, प्रवाह ११ अँपिअरच्या वर. जुनी एम.सी.बी. काही मिनिटे हे सोसून मग पडे. ती नादुरुस्त नव्हती. ती आम्हांला ओरडून सांगत होती. आम्ही पहारेकऱ्यालाच बदलले.

आमच्या कचेरीत ‘ओव्हरलोड’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता द्यावा यावर एकदा बरीच चर्चा झाली होती आणि ‘अतिभार’ हा शब्द मान्य झाला होता. तो शब्द कागदावर लिहिणाऱ्याच्याच घरी हा प्रकार घडला, हे सांगावयास संकोच वाटतो. पण सांगितलेले बरे.

दिव्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा अधिक पॉइंट नसावेत आणि एकूण भार ८०० वॅटच्या आत असावा, असा आपल्या देशातील वायरिंगचा जुना संकेत आहे. तो साठ-शंभर वॅटच्या बल्बांच्या काळातला. छतातील जुने हॅलोजन दिवे ५० वॅटचे असत, त्यामुळे असे वीस दिवे लावले की एकट्या दिव्यांचेच १००० वॅट होत. एल.ई.डी.मुळे वॅटची चिंता पुष्कळ कमी झाली आहे. परंतु म्हणून सर्व दिवे एकाच तारेवर लोंबकळत ठेवावेत असे नाही. जितके दिवे तितके सांधे, आणि बिघाड होतो तो बहुधा सांध्यात. शिवाय घरातील दिवे दोन सर्किटांवर विभागले असतील तर एक पडले तरी जिन्यावर वा न्हाणीघरात म्हातारी माणसे अंधारात सापडत नाहीत.

आणखी एक गोष्ट वॅटच्या बेरजेत दिसत नाही. प्रत्येक एल.ई.डी. दिव्याबरोबर ड्रायव्हर नावाची छोटी पेटी असते. बटण दाबताक्षणी ती निमिषमात्र नेहमीच्या अनेक पट प्रवाह ओढते. वीस पेट्या एका बटणावर असल्या तर भार अल्प असूनही एम.सी.बी. कधी कधी उगीचच पडते. बी जातीची एम.सी.बी. आपल्या मापाच्या तिप्पट ते पाचपट प्रवाहाला तत्काळ पडते, सी जातीची पाचपट ते दहापट प्रवाहाला. अशा वेळी अँपिअर वाढवू नयेत. दिवे तीन-चार बटणांवर वाटावेत, आणि जात बदलावी की नाही हे परवानाधारक वायरमनला तार व अर्थिंग तपासून ठरवू द्यावे. १.५ चौरस मिलिमीटरच्या चांगल्या तांब्याच्या तारेवर घरगुती दिव्यांसाठी ६ अँपिअर पुरतात. एम.सी.बी. दिव्यांकरिता नसून तारेच्या रक्षणाकरिता असते, म्हणून तिचे माप तारेवरून ठरते.

जुन्या घरात छत बंद करण्यापूर्वी मेगरने तारेची तपासणी करून घ्यावी. ५०० व्होल्टवर आवरणाचा रोध १ मेगओहमपेक्षा कमी भरला तर ती तार बदलावी, तिच्याशी घासाघीस करू नये. तपासताना दिव्यांचे ड्रायव्हर सोडवून ठेवावेत, नाहीतर तेच बिघडतात. सांधे उघडे न ठेवता डबीत घालावेत, आणि ती डबी दिव्याच्या भोकातून हाताला लागेल अशी असावी. वरच्या पोकळीत उंदीर फिरतात, हे जुन्या घरांत राहणाऱ्यांना सांगावयास नको.

जागेविषयी थोडेसे. दोन दिव्यांत जितके अंतर, त्याच्या निम्मे अंतर भिंतीपासून सोडावे. आमचा दिवाणखाना १६ फूट लांब व १२ फूट रुंद. तीन-तीन दिव्यांच्या दोन ओळी केल्या. ओळींत ६ फूट अंतर, भिंतीपासून ३. स्वयंपाकघरात मात्र हा हिशोब बाजूस ठेवून दिवे ओट्याच्या कडेवर आणावेत. खोलीच्या मध्यावरचा दिवा पाठीमागे राहतो आणि भाजी चिरणारीच्या हातावर तिचीच सावली पडते. ही चूक आम्ही केली व दोन भोके बुजवावी लागली.

आता आमच्याकडे दिव्यांची दोन स्वतंत्र सर्किटे आहेत, दोन्हींवर ६ अँपिअरची एम.सी.बी. आहे, जुनी तार सगळी काढली आहे. हीटर व इस्त्रीसाठी जाड तारेचे वेगळे सर्किट व १६ अँपिअरचे सॉकेट झाले. नव्या तारेचा खर्च वीस दिव्यांच्या किमतीहून अधिक झाला, हेही लपवीत नाही. कोणत्या सर्किटवर काय आहे याचा कागद बोर्डाच्या दाराला आतून चिकटविला आहे.

मातोश्री पोथी वाचताना छतातला एकही दिवा लावीत नाहीत. डोक्यावरच्या प्रकाशाने पानावर सावली पडते, असे त्या म्हणतात. डाव्या हाताला ठेवलेल्या ९ वॅटच्या टेबललॅम्पवर त्यांचे भागते.