पहिल्या विजयाचे पेढे

मेढ्यात फुटबॉल बघणारे आम्ही मोजकेच. बाकीच्यांना कबड्डी नि क्रिकेट पुरे. 22 नोव्हेंबर 2021 ला मुंबई सिटीने सलामीलाच गोव्याला त्यांच्याच रिकाम्या फातोर्ड्यात 3-0 असं लोळवलं. इगोर अंगुलोने तीन मिनिटांच्या अंतराने दोन गोल ठोकले, आणि स्टँडजवळच्या मित्राने लगेच पेढ्यांचा पुडा फोडला. मी हात आखडता घेतला. आदल्या हंगामात हाच संघ पहिला सामना नॉर्थईस्टकडून 0-1 हरला होता, वर मुंबईच्याच जाहूला लाल कार्ड. तरी लीग शील्ड आणि करंडक दोन्ही त्यांनीच नेले! आणि पेढेवाला हंगाम? पाचवा क्रमांक, बाद फेरीही हुकली. भात खळ्यावर येण्याआधी पोती कोण मोजतं? अर्थात, अंगुलोचा तो दुसरा गोल मी रात्री पुन्हा पुन्हा पाहिला.