‘म्हातारचळ’ हे निदान नव्हे

‘डॉक्टर, आबांना सगळं आठवतंय हो, पण माणूसच बदललाय.’ पिंपळी, काटेवाडी, भवानीनगर या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्यांनी बीपीच्या गोळ्या लिहिता लिहिता हे ऐकले असेल आणि ‘वयोमानानं होतं’ म्हणून सोडूनही दिले असेल. गावाकडे त्याला ‘म्हातारचळ’ हा शब्द तयारच असतो. तिथे चौकशी संपते. आपण ती तिथूनच सुरू करायला हवी.

स्मृतिभ्रंश या नावामुळे आपण विसराळूपणच शोधत बसतो. १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये आलॉइस अल्झायमर यांनी तपासलेल्या ५१ वर्षांच्या स्त्रीचा आजार मात्र नवऱ्याविषयीच्या संशयाने सुरू झाला होता. विसर मागून आला.

म्हणून आधी काय बदलले, ते विचारावे. सुनेवर चोरीचा आळ येतो तेव्हा बहुधा वस्तू कुठे ठेवली तेच आठवत नसते. तिथे अल्झायमर आठवावा. पंचेचाळीस ते पासष्टच्या वयातला भिडस्त माणूस लग्नात वाटेल ते बोलू लागला, उसाचे बिल उधळू लागला, गोडावर तुटून पडू लागला, घरात मयत होऊनही ढिम्म राहिला, तर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची शंका घ्यावी. तुकोबांची पालखी गावात कधी येते, कारखान्याने काय भाव दिला, हे तो बिनचूक सांगेल आणि स्मृतीच्या चाचणीतून निसटेल. डोनेपेझिलने त्याला फायदा नाही. उलट चिडचिड वाढू शकते.

कोपऱ्यात मुले किंवा जनावरे स्पष्ट दिसणे, सकाळी हुशारी नि दुपारी गुंगी, झोपेत लाथा झाडणे ही लेवी बॉडी डिमेन्शियाची खूण. झोपेतला हा प्रकार तर कित्येक वर्षे आधी सुरू होतो. घरचे ‘बाहेरचं’ समजून देवऋषी गाठतात, आपण हॅलोपेरिडॉल देतो. आपली चूक जास्त महागात पडते, कारण या रुग्णांत हे औषध जिवावर बेतू शकते. पक्षाघातानंतरची उदासीनता आणि पायरीपायरीने होणारी घसरण मात्र रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवते.

अर्थात लक्षणे एकमेकांत मिसळतात, नुसत्या वागण्यावरून निदान होत नाही. बदल चार दिवसांतला असेल तर जंतुसंसर्ग, साखर, औषधे पाहावीत. नैराश्य, थायरॉइड, बी-१२ आणि दारू तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पन्नाशीनंतर नव्याने आलेला बदल सहा महिने टिकला, तर तो गांभीर्याने घ्यावा.

२०२३च्या अभ्यासानुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्यात पोचण्याआधी यातले आपल्या भागातले बरेच जण आपल्याच बाकावर बसलेले असतात. केसपेपरवर तीन ओळी लिहाव्यात: पहिला बदल कोणता, कधीपासून, कोणाच्या लक्षात आला. उत्तर बहुतेक वेळा सुनेकडे किंवा बायकोकडे असते. रुग्णासमोर त्या बोलत नाहीत. त्यांना बाजूला घेऊन विचारावे.

निदान लवकर झाले तरी आजार थांबत नाही, हे खरे. पण उशीर झाला, तर घरचे आपल्याकडे येईपर्यंत सातबाऱ्यावरचे नाव बदललेले असते.